ओळखीचं कुणी आहे का?

आमच्याकडे माणूस आजारी पडला की काय दुखतंय हे नंतर विचारतात. आधी विचारतात, "तिथं ओळखीचं कुणी आहे का?" तिथं म्हणजे बीडच्या सिव्हिलला, अंबाजोगाईच्या स्वाराती मेडिकल कॉलेजला, संभाजीनगरच्या घाटी या सरकारी दवाखान्याला, लातूरला, सोलापूरला, जिथं न्यायचं ठरेल तिथं. ओळख डॉक्टरचीच पाहिजे असं नाही. वॉर्डातला मामा चालतो, सिस्टर चालते, दवाखान्यासमोरच्या मेडिकलवाल्याचा मेव्हणाही चालतो. आत गेल्यावर कुठल्या खिडकीला उभं राहायचं एवढं सांगणारा कुणीतरी हवा असतो.

मी केज तालुक्यातल्या एका गावचा. नोकरीमुळे अंबाजोगाईत राहतो, म्हणजे गावाच्या हिशोबानं दवाखान्याच्या दारातच राहतो. मी डॉक्टर नाही, दवाखान्यात माझं कुणी सोयरंधायरंही नाही. तरी फोन येतात, आणि फोनवर बोलणारी माणसं बहुतेक वेळा पेशंटला जीपमध्ये घालून निघालेलीच असतात. फोन घेता घेता मला जे कळलं ते असं, की पदराला खार न लावता उपचार मिळायच्या जागा मराठवाड्यात आहेत. योजना आहेत, कायदे आहेत, त्यांचे फलकही भिंतींवर लागलेले आहेत. अडतं ते पहिल्या दिवशी. पहिल्या दिवशी गाडी कुठल्या दारात उभी राहिली यावर घर बुडणार की नाही ते ठरतं, आणि नेमकं त्याच दिवशी घरात कुणाचं डोकं ठिकाणावर नसतं.

घर बुडायला कॅन्सरच लागतो असं नाही. ताप उतरेना म्हणून गावातल्या डॉक्टरकडे दोन सलाईन होतात. मग तालुक्याला. तिथं रक्त-लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी आणि "दोन दिवस ॲडमिट ठेवू". दोनाचे पाच होतात. मग "आमच्याकडे सोय नाही, मोठ्या दवाखान्यात न्या" अशी चिठ्ठी हातात पडते. सरकारी दवाखान्यात माणूस पोचतो तो या सगळ्यानंतर, बायकोचं डोरलं सोनाराकडे आणि म्हैस बाजारात गेल्यावर. आमच्या भागात विमा उतरवतात तो सोयाबीनचा आणि कापसाचा; माणसाचा उतरवायची पद्धत नाही. माणसासाठी ऊसतोडीचा मुकादम असतो. तो पुढच्या हंगामाची उचल आधीच मोजून देतो, आणि दवाखान्याचं बिल फिटतं ते कुठल्यातरी साखर कारखान्याच्या फडात, नवरा-बायकोच्या कोयत्यावर.

मग आधीच सरकारी दवाखान्यात का जात नाहीत? हा प्रश्न शहरातली माणसं फार सहज विचारतात. २०२३ च्या ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत चोवीस माणसं गेली, त्यांत बारा नवजात बाळं होती. औषधं नव्हती की माणसं कमी होती, की खासगी दवाखान्यांनी शेवटच्या घटकेला पाठवलेले पेशंट होते, यावर पुढं बरंच बोललं गेलं, उच्च न्यायालयानंही दखल घेतली. पण गावाला कारणमीमांसा कळत नाही, आकडा कळतो. त्यानंतर कित्येक दिवस "सिव्हिलला न्या" असं म्हणायला माझीच जीभ रेटत नव्हती. तरीही मी तेच म्हणत आलो, कारण दुसरीकडे काय होतं तेही मी बघितलेलं आहे.

अंबाजोगाईत स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय निघालं १९७४ मध्ये. जिल्ह्याचं ठिकाण सोडून एका तालुक्याच्या गावाला डॉक्टर घडवण्याचं कॉलेज, ही त्या काळात चेष्टेचीही गोष्ट होती आणि अभिमानाचीही. आमच्या आधीच्या पिढीत ज्यांचं पोट फाडलं, ज्यांचं हाड बसवलं, ज्यांचं पहिलं बाळंतपण अडलं, ती केज, धारूर, परळी, रेणापूरकडची अर्धी माणसं इथूनच घरी गेली. बिल किती झालं होतं असं विचारलं तर त्यांना आठवत नाही. बिल नावाची गोष्ट त्या आठवणीत नसतेच. मराठवाड्यातलं त्या आधीचं थोरलं घर म्हणजे घाटी, १९५६ चं. पुढं नांदेड, लातूर झाली, आणि आता परभणी, धाराशिव, जालना, हिंगोली इथंही शासकीय वैद्यकीय महाविद्यालयं झाली आहेत. कागदावर आठही जिल्ह्यांत आता मोठा सरकारी दवाखाना आहे.

यात एक मेख आहे, ती फारशी कुणी सांगत नाही. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळं मोफत झालं. म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय इथं केस पेपरलाही पैसे नाहीत, तपासण्यांनाही नाहीत. पण वैद्यकीय महाविद्यालयाचा दवाखाना असतो वैद्यकीय शिक्षण विभागाचा. त्याला हा निर्णय लागू नव्हता. म्हणून बीडच्या सिव्हिलला फुकट झालेल्या तपासणीला मेडिकल कॉलेजात पावती फाडतात. पावती खासगीच्या मानानं किरकोळच असते, पण "सरकारनं फुकट केलंय ना, मग हा पैसे कसले मागतो?" म्हणून खिडकीवर भांडण होतं. दोघंही आपापल्या जागी खरे असतात. खिडकीतल्या माणसानं दोन वाक्यांत समजावलं तर भांडण मिटेल. पण त्याच्यापुढं रांग दारापर्यंत असते.

"बाहेरून आणा" ही दुसरी भानगड. औषध आत नाही म्हणून कागदाच्या चिठोऱ्यावर नाव लिहून देतात आणि नातेवाईक समोरच्या दुकानाकडे पळतो. अशा वेळी वॉर्डात उभं राहून सांगायला मी शिकलो आहे, की आतच काही पर्याय आहे का बघा, समाजसेवा अधीक्षकांना विचारू का. मोठ्या सरकारी रुग्णालयांत हे पद असतं. गरीब पेशंटची सोय लावणं हेच त्यांचं काम. पण त्यांची खोली कुठल्या मजल्यावर आहे हे वॉर्डातल्या दहांपैकी नऊ जणांना ठाऊक नसतं.

बाळंतपणाचं मात्र आमच्याकडे बायकांनी पक्कं लक्षात ठेवलं आहे, त्याचं श्रेय आशाताईंना. २०११ च्या जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रमापासून सरकारी दवाखान्यात साधं बाळंतपण असो की सिझर, औषध, रक्त, जेवण, नेणं-आणणं सगळं मोफत आहे. लेकराच्या हृदयाला छिद्र निघालं, ओठ दुभंगलेला असला, तर अंगणवाडीत आणि शाळेत तपासायला येणारं पथक पुढं पाठवतं आणि ऑपरेशनही मोफत होतं. साप चावला, कुत्रं चावलं, तर त्याचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यातच घ्यावं, तेही फुकट. हे सगळं सुरळीत चालतं असा माझा दावा नाही. पण चालतं.

आता नानांची गोष्ट. नाना म्हणजे माझे चुलते. वय सत्तरीच्या अलीकडे, शेती कोरडवाहू, स्वभाव तिखट. एका पहाटे त्यांच्या छातीत कळ आली आणि डाव्या हाताला मुंग्या. पोरांनी घाबरून जवळच्या मोठ्या गावातल्या एका खासगी दवाखान्यात नेलं. तिथं ईसीजी काढला, हार्ट अटॅक आहे म्हणाले, आणि डिपॉझिट सांगितलं. चुलतभावानं विचारलं, "फुले जनआरोग्य योजनेत होईल का?" उत्तर मिळालं, "हे योजनेत बसत नाही." तेवढ्यात मला फोन.

मी त्याला एवढंच विचारलं, "तिथं आरोग्यमित्राचं टेबल आहे का बघ." आरोग्यमित्र म्हणजे योजनेतल्या दवाखान्यात पेशंटच्या मदतीला बसवलेला योजनेचा माणूस. तो म्हणाला, "कुठंच नाही." मग कोडं सुटलं. हार्ट अटॅक योजनेत बसत होता; दवाखाना योजनेत नव्हता. या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो फरक डिपॉझिट मागणारा माणूस आपण होऊन कधीच सांगत नाही. १०८ ला फोन लावला. ती ॲम्ब्युलन्स २०१४ पासून राज्यभर फिरते, तिला पैसे लागत नाहीत, आत डॉक्टर असतो. नाना योजनेतल्या दुसऱ्या दवाखान्यात पोचले आणि आता प्रश्न आला रेशनकार्डाचा. रेशनकार्ड गावात, पेटीत, पेटीची किल्ली काकूच्या कमरेला, आणि काकू ॲम्ब्युलन्समध्ये नानांच्या उशाशी.

महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना म्हणजे मूळची राजीव गांधी जीवनदायी योजना. ती २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली तेव्हा मराठवाड्यातलं एकटं नांदेड त्यात होतं. बाकीच्यांना पुढच्या वर्षापर्यंत थांबावं लागलं. पिवळं आणि केशरी कार्ड त्यात होतंच. पांढरं कार्ड असलेला शेतकरी बहुतेक ठिकाणी बाहेर राहिला तरी आमच्या आठही जिल्ह्यांत त्याला आत घेतलं, ते शेतकऱ्यांच्या आत्महत्यांमुळे. अशी सवलत मिळाल्याचा आनंद मानावा की काय करावं कळत नाही. २०२३ च्या जुलैत निर्णय झाला की कार्ड कुठल्याही रंगाचं असो, सगळ्या कुटुंबांना लाभ द्यायचा आणि मर्यादा वर्षाला दीड लाखावरून पाच लाख करायची. आयुष्मान भारतची केंद्राची योजना तिलाच जोडलेली आहे. म्हणजे आता कार्डाचा रंग कुठला हा प्रश्नच उरत नाही. तरी आजही लोक आधी रंग सांगतात, "आमचं पांढरं आहे हो, आमचं नाही होणार," आणि खिसा उघडतात.

नानांच्या वेळी काकूनं कमरेची किल्ली काढून द्यायची, ती घेऊन पोरानं गावाकडे जायचं, पेटी उघडून कार्ड आणायचं, यात अर्धा दिवस गेला असता. आरोग्यमित्र पोरगा समजूतदार निघाला. तो म्हणाला, "इमर्जन्सी आहे, फोनवरून मंजुरी घेता येते, उपचार सुरू होऊ द्या. कागद मागाहून द्या, पण डिस्चार्जच्या आधी द्या." शेजाऱ्यानं कुलूप फोडलं. त्यावरून काकू नंतर महिनाभर बोलत होती. तिच्या दृष्टीनं त्या दिवसाचं सगळ्यात मोठं नुकसान तेच. कार्डाचा फोटो मोबाईलवर आला, आधार जुळलं, अँजिओग्राफी झाली आणि नानांच्या छातीत स्प्रिंग टाकली. मधेच एका काउंटरवर "या तपासणीचे तेवढे भरा, योजनेचं नंतर बघू" असं कुणीतरी म्हणून गेलं. योजनेत नोंद झाली की दाखल असतानाच्या तपासण्या, औषधं, जेवण हे सगळं पॅकेजमध्ये येतं, वेगळे पैसे घ्यायचे नसतात. चुलतभाऊ म्हणाला, "१५५३८८ ला विचारून भरतो." तो योजनेचा मोफत क्रमांक. त्यानंतर ते काउंटर पैसे मागायला आलं नाही.

त्या दिवसापासून मी फोनवर पहिला प्रश्न बदलला. आजार काय हे मी विचारत नाही, मला त्यातलं कळतही नाही. मी विचारतो, रेशनकार्ड आणि आधार बरोबर घेतलंय का? पेशंटचं नाव कार्डात आहे का? नवीन सून असते, तिचं नाव माहेरच्या कार्डातून कमी झालेलं असतं आणि सासरच्या कार्डात चढलेलं नसतं. आजारी पडली की ती कुठल्याच घरची नसते. ही नावं चढवायचं काम सुगी संपल्यावर, डोकं शांत असताना करायचं असतं. आमच्या गावात ते कुणी करत नाही. तहसीलला जायचं म्हणजे एक रोज बुडतो, आणि दुखणं काही सांगून येत नाही.

योजनेचा फोलपणाही सांगायला हवा. ती भरती झालेल्या माणसासाठी आहे, यादीतल्या उपचारांसाठी आहे. बाह्यरुग्ण विभागात दाखवून घरी जाणाऱ्या माणसाला, खोकल्याला, गुडघेदुखीला ती ओळखत नाही. यादीतल्या काही शस्त्रक्रिया सरकारी रुग्णालयांसाठीच राखून ठेवल्या आहेत, त्यामुळे कधी कधी "इथं बसत नाही" हे खरंही असतं. अशा वेळी पेशंट तिथंच धरून बसण्यापेक्षा "मग कुठल्या सरकारी रुग्णालयात होईल?" हे आरोग्यमित्रालाच विचारावं.

दुसरं एक दार आहे, ते योजनेपेक्षा जुनं आणि तिच्याहून कमी माहितीचं. ट्रस्टचे मोठे दवाखाने. महाराष्ट्रात धर्मादाय म्हणून नोंदलेल्या मोठ्या रुग्णालयांना दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि दहा टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्याच लागतात. सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक मध्ये त्याचा आधार आहे आणि उच्च न्यायालयाच्या आदेशानं त्याची योजना २००६ पासून लागू आहे. बिलांच्या दोन टक्के रक्कम निर्धन रुग्णांच्या निधीत टाकायची असते. वर्षाचं उत्पन्न एक लाख ऐंशी हजारांच्या आत असलं तर निर्धन, तीन लाख साठ हजारांच्या आत असलं तर दुर्बल. आमच्या गावात पहिल्या मर्यादेच्या वर जाणारी घरं बोटावर मोजण्याइतकी निघतील.

पण मागायचं कसं? काचेचं दार, एसी, इस्त्रीचे कपडे घातलेली रिसेप्शनवरची मुलगी. धोतरातला माणूस तिथं "मी निर्धन आहे" असं म्हणत नाही. त्याला लाज वाटते. मोटारसायकल घसरून डोक्याला मार लागलेल्या आमच्या शेजारच्या पोराला पुण्याकडे नेलं, तेव्हा त्याचा बाप दोन एकर विकायला तयार होता पण तो शब्द उच्चारायला तयार नव्हता. शेवटी त्याच्या धाकट्या मुलीनं, बारावीतल्या, अर्ज लिहिला. तिनं काय लिहिलं मला माहीत नाही, पण तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला जोडला होता, तोही तिच्याच स्कॉलरशिपसाठी काढलेला. बिल पुष्कळ कमी झालं. नाही म्हणाले असते तर धर्मादाय सहआयुक्तांच्या कार्यालयात तक्रार करता आली असती. कुठल्या रुग्णालयात अशा किती खाटा आज रिकाम्या आहेत तेही धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर बघता येतं. आणि जीव धोक्यात असलेल्या पेशंटला डिपॉझिटसाठी दारात अडवायचं नाही, आधी दाखल करून सावरायचं, हेही त्याच योजनेत आहे. हे तिथल्या सुरक्षारक्षकाला ठाऊक नसतं. तुम्हाला ठाऊक असलं तर आवाज थोडा वेगळा लागतो.

ट्रस्ट म्हणजे सगळे तसलेच, असं मात्र म्हणू नये. लातूरचं विवेकानंद रुग्णालय १९६६ पासून आहे. पुण्यात शिकलेले तरुण डॉक्टर मुद्दाम लातूरसारख्या ठिकाणी येऊन राहिले, त्यांतल्या डॉ. अशोक कुकडे यांना पुढं पद्मभूषण मिळालं. संभाजीनगरचं हेडगेवार रुग्णालय १९८९ चं. जालन्याचं गणपती नेत्रालय आणि उदगीरचं लायन्सचं नेत्र रुग्णालय यांच्या नावानं म्हातारी माणसं आजही मोतीबिंदूच्या शिबिराची वाट बघतात. कॅन्सर असला तर मुंबईच्या टाटाचं नाव निघतं, पण त्याआधी घाटीचं कर्करोग रुग्णालय आहे, आणि धाराशिवच्या बाजूनं बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आहे. टाटाला जावंच लागलं तर देवगिरी एक्स्प्रेस, कॅन्सरच्या पेशंटला आणि सोबत्याला रेल्वेच्या तिकिटात सवलत, आणि राहायला दादरची गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा. झाडूवाल्या बुवांनी आजारी माणसाच्या नातेवाईकानं रात्री कुठं पाठ टेकायची याचा विचार केला होता. बजेट मांडणाऱ्यांना तो अजून सुचायचा आहे.

एवढं सगळं लिहिलं ते मोठ्या दुखण्याचं. पण माझ्या मते खरी गळती छोट्या दुखण्यात आहे. नानांच्या छातीतली स्प्रिंग सरकारनं टाकली, पण त्यांचं बीपी कितीतरी वर्षं वाढलेलं होतं आणि कुणी मोजलंच नव्हतं. तीस वर्षांवरच्या प्रत्येकाचं बीपी आणि शुगर उपकेंद्रात मोजायची, आशानं घरोघर जाऊन फॉर्म भरायचा, गोळ्या मोफत द्यायच्या, असा कार्यक्रम आहे. उपकेंद्राला आता आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. गोळ्या कधी असतात, कधी महिना-महिना नसतात. नसल्या की लोक गोळ्या बंद करतात, कारण बीपी दुखत नाही.

माझ्या आत्याला बीपीही आहे आणि शुगरही. ती ज्या कंपनीच्या गोळ्या घ्यायची त्या महाग. मी तेच औषध जनऔषधी केंद्रातून आणून दिलं. घटक तोच, ताकद तीच, किंमत निम्म्याहून कमी. आठ दिवसांनी गेलो तर पाकीट तसंच देवळीत.

"का गं, घेतल्या नाहीस?"

"स्वस्तातली गोळी हाय ती. ती स्वस्तातलंच बरं करणार."

डॉक्टरांनी समजावलं, आशानं समजावलं, पटलं नाही. मग तिच्या जावेला तीच गोळी चालू होती असं निघालं, आणि जावेची शुगर हिच्यापेक्षा कमी होती. दुसऱ्या दिवसापासून गोळ्या सुरू.

गावात विश्वासाचं माणूस नसलं की काय होतं, ते बीड जिल्ह्यानं फार मोठ्या किमतीत पाहिलं आहे. २०१९ मध्ये ऊसतोड बायकांच्या गर्भपिशव्या काढल्याचं प्रकरण गाजलं, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांत १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. अंगावरून जातंय, ओटीपोटात दुखतंय अशी तक्रार घेऊन गेलेल्या कितीतरी जणींना "कॅन्सर होईल" असं सांगितलं गेलं. फडात एक खाडा पडला तर दंड. मग महिन्याची कटकटच नको. तीस-पस्तिशीच्या बायका. ऑपरेशनला उचल घेतली आणि ती फेडायला ऑपरेशननंतर काही आठवड्यांत पुन्हा मोळ्या उचलल्या. साध्या जंतुसंसर्गाला साध्या गोळ्या लागतात. ते सांगणारी एखादी बाई वस्तीवर असती तर त्यांतली किती ऑपरेशनं टळली असती?

अशी बाई तयार करता येते हे आमच्या वेशीवरच सिद्ध झालेलं आहे. आष्टी-पाटोद्याला लागून असलेल्या जामखेडला १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे आले. त्यांनी गावागावांतल्या बायका निवडल्या; त्यांतल्या पुष्कळ निरक्षर होत्या, काही ज्यांच्या सावलीला गाव शिवत नव्हतं अशा. त्याच पुढं बाळंतपणं करू लागल्या, जुलाबाचं लेकरू वाचवू लागल्या. १९७९ मध्ये आरोळ्यांना मॅगसेसे मिळालं, जगभरातून माणसं जामखेड बघायला आली. इकडे तुळजापूर तालुक्यात अणदूरला डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशननं 'भारतवैद्य' बायकांचं काम उभं केलं. आशा ही कल्पना सरकारकडे २००५ मध्ये आली. आमच्या भागात ती त्याच्या कितीतरी आधी लुगडं नेसून फिरत होती.

आणि जालना जिल्ह्यातल्या देहेडचे डॉ. हिंमतराव बावस्कर. नोकरी कोकणात, महाडकडे. विंचू चावून लेकरं दगावतात हे बघून त्यांनी प्राझोसिन नावाची बीपीची गोळी विंचवाच्या विषावर चालते हे दाखवून दिलं. यंत्र नाही, ऑपरेशन थिएटर नाही, एक स्वस्त गोळी, वेळेवर. पुढं डॉक्टरांच्या कमिशनविरुद्धही तेच बोलले. आपल्याकडे मोफत आरोग्य म्हटलं की पाच लाखांचा आकडा आठवतो. मला ती गोळी आठवते.

नानांचं राहिलं. डिस्चार्ज मिळाला, फाइल मिळाली, पुढच्या तपासणीची तारीख मिळाली. सगळे निघाले तरी नाना काही खुर्चीवरून उठेनात. कुणीतरी त्यांना वॉर्डात सांगून ठेवलं होतं, की पॅकेजमध्ये घरी जायचं भाडंही असतं. ते खरंच असतं. नानांनी आरोग्यमित्राला बोलावून घेतलं.

तो हसला. म्हणाला, "नाना, अडीच लाखांचं काम झालं, आता तिकिटाचं काय घेऊन बसलात? आणि तुम्हाला तर अर्धंच तिकीट लागतं."

"मग अर्ध्याचंच द्या," नाना म्हणाले. "आम्ही कुठं पूर्ण मागतोय?"

चुलतभाऊ लाजेनं बाहेर जाऊन उभा राहिला. आत कुठं कुठं फोन झाले, एक सही झाली, आणि नानांनी ते पैसे घेऊन, मोजून, कोपरीच्या खिशात ठेवले. मग काकूला म्हणाले, "चल, आता ह्यातून कुलूप घेऊन देतो तुला."